सिनेमागृहात 'नटक्रॅकर': मुलांना घेऊन जाण्याची तयारी, क्रम आणि हमखास होणाऱ्या चुका

डिसेंबर आला की इंग्लंडमधल्या आपल्या मराठी कुटुंबांत एक बेत ठरतो: मुलांना 'नटक्रॅकर' हा बॅले दाखवायचा. लंडनच्या रॉयल ऑपेरा हाउसची तिकिटं चौघांसाठी महाग पडतात आणि लवकर संपतात. म्हणून जवळच्या सिनेमागृहात पडद्यावर बघायचं ठरतं. निर्णय उत्तम आहे. घोटाळा पुढे होतो. कुणी चुकीच्या नावाचं तिकीट काढतं, कुणी उशिरा पोचतं, कुणाचं मूल उंदरांना घाबरून रडतं, आणि बरीच कुटुंबं शेवटाआधीच उठून जातात. गेली काही वर्षं मी दर नाताळात दोन-तीन कुटुंबांना बरोबर नेते. त्याच त्या चुका पुन्हा पुन्हा दिसतात म्हणून हे सगळं क्रमाने लिहिते आहे.

आधी एकच गोष्ट सांगते, कारण बाकीची तयारी तिच्यावर उभी आहे. या बॅलेची गोष्ट मध्यंतरापर्यंत जवळजवळ संपते. दुसऱ्या अंकात कथानक फारसं नाही, तिथे नाचांची पंगत आहे. हे मुलांना आधी माहीत नसेल तर मध्यंतरानंतर दहाव्या मिनिटाला "पुढे काय होणार?" सुरू होतं आणि आईबाबांकडे उत्तर नसतं.

टप्पा 1: कोणता नटक्रॅकर, ते आधी पक्कं करा

नाव एकच असलं तरी प्रयोग वेगवेगळे आहेत. संगीत चायकोव्हस्की या रशियन संगीतकाराचं, पण प्रत्येक बॅले कंपनी आपापली नृत्यरचना करते. या लेखात मी रॉयल बॅलेचा, म्हणजे रॉयल ऑपेरा हाउसमधल्या बॅले कंपनीचा, पीटर राइट यांनी 1984 मध्ये उभा केलेला प्रयोग धरून चालले आहे. लहान मुलांसाठी माझी पसंती त्यालाच आहे. गोष्ट स्वच्छ कळते, नेपथ्य घरगुती वाटतं आणि मुलीचं नाव क्लारा आहे. मॉस्कोच्या बोल्शॉय बॅलेच्या, ग्रिगोरोविच यांनी रचलेल्या प्रयोगात ती मारी होते आणि सगळा सूर थोडा गंभीर होतो. इंग्रज नृत्यरचनाकार मॅथ्यू बोर्न यांचा नटक्रॅकर तर अनाथाश्रमात सुरू होतो. तो मोठ्या मुलांना आवडेल, पण पाच वर्षांच्या मुलाला नाताळचं झाड आणि पार्टी दाखवायला नेत असाल तर तो नव्हे.

आणखी एक गोंधळ नेहमीचा. डिस्नेचा 2018 चा चित्रपट आणि 2010 चा थ्रीडी चित्रपट हे बॅलेचे प्रयोग नाहीत, पण त्यांच्या नावातही नटक्रॅकर आहे. मागच्या एका नाताळात आमच्यातल्या एका कुटुंबाने अख्ख्या आठवड्याची तयारी करून असा चित्रपटच बघितला. मुलगी नाच कधी सुरू होणार म्हणून वाट बघत बसली.

*तपासा:* तिकिटाच्या पानावर तीन गोष्टी दिसल्याच पाहिजेत: बॅले कंपनीचं नाव, नृत्यरचनाकाराचं नाव आणि एकूण वेळ. वेळ मध्यंतरासकट साधारण अडीच तास असायला हवी. दीड-पावणेदोन तास आणि मध्यंतर नाही असं दिसलं, तर तो बहुधा चित्रपट आहे.

टप्पा 2: थेट प्रक्षेपण की नंतरचा खेळ?

रॉयल बॅलेचा प्रयोग ज्या हंगामात सिनेमागृहात येतो, त्यात साधारणपणे एका संध्याकाळी लंडनहून थेट दाखवतात आणि नंतर त्याच प्रयोगाचं चित्रमुद्रण पुन्हा दाखवतात, बऱ्याच ठिकाणी रविवारी दुपारी.

'थेट' या शब्दाचा मोह पडतो. पण थेट प्रयोग संध्याकाळी सातच्या पुढे सुरू होतो आणि संपेपर्यंत रात्रीचे पावणेदहा होतात, तेही शाळेच्या आठवड्यात. आठ वर्षांखालच्या मुलांसाठी मी नेहमी दुपारचा खेळ घेते. नाच तोच, कलाकार तेच, मूल मात्र ताजंतवानं. थेट प्रयोगाला नेमकी त्या क्षणाची थरथर असते हे खरं, पण ती मोठ्यांना जाणवते.

भारतातून विचारणाऱ्यांसाठी: लंडनमध्ये संध्याकाळचे 7:15 होतात तेव्हा मुंबई-पुण्यात रात्रीचे 12:45 वाजलेले असतात. त्यामुळे तिथे सोयीच्या वेळी दिसतो तो मुद्रित खेळच. तारीख इंग्लंडच्या जाहिरातीवरून धरू नका, तुमच्या सिनेमागृहाची स्वतःची यादी बघा.

*सावध:* थेट प्रक्षेपणाचं घड्याळ लंडनच्या रंगमंचावर चालतं. चित्रपटाआधी वीस-पंचवीस मिनिटं जाहिराती असतात आणि तेवढ्यात पोचलं तरी चालतं, ही सवय इथे नडते. सुरुवातीला निवेदकांचं थोडं बोलणं असतं, मग पडदा उघडतो आणि तुमच्यासाठी कुणी थांबत नाही.

टप्पा 3: खुर्च्या

नाटकाला आपण पुढची रांग शोधतो. पडद्यावरच्या बॅलेला पुढची रांग सगळ्यात वाईट. समूहनृत्यात हिमकण झालेल्या चोवीस नर्तकी एकदम फिरतात तेव्हा त्यांनी आखलेली आकृती दिसली पाहिजे, आणि ती पुढून दिसत नाही. मधल्या किंवा त्याच्या थोड्या मागच्या रांगेत बसा.

सहा वर्षांखालचं मूल असेल तर रांगेच्या कडेच्या खुर्च्या घ्या. मध्येच बाहेर जावं लागलं तर दहा जणांचे गुडघे ओलांडावे लागत नाहीत. मुलांसाठी उंच गादी मिळते का, हे आत जाण्याआधी दारातच विचारा. अंधार झाल्यावर ती शोधायला जाता येत नाही.

आजी-आजोबा भेटीला आले असतील तर त्यांना अगदी निःसंकोच घेऊन चला. बॅलेत संवाद नाहीत, त्यामुळे इंग्रजीची अडचण नाही. घरातल्या सगळ्यांना सारखंच कळेल अशी दुसरी संध्याकाळ परदेशात सहजी मिळत नाही. शाल मात्र बरोबर असू द्या.

टप्पा 4: आठ दिवस आधीची तयारी

इथे सगळ्यात जास्त वेळ द्या. क्रम असा: आधी गोष्ट, मग कान, मग हात. चित्रं आणि चित्रफिती शक्यतो नकोत. अख्खा नाच आधी फोनवर दाखवला की मोठ्या पडद्यावरचं नवल संपतं.

*गोष्ट.* एका रात्री झोपताना तोंडी सांगा. सुरुवात नावापासून करा. नटक्रॅकर म्हणजे अक्रोड फोडणारा लाकडी बाहुला. आपल्या आजीच्या पानाच्या डब्यातला अडकित्ता सुपारी कातरतो, हा बाहुला पाठीचा दांडा दाबला की जबड्यात अक्रोड फोडतो. अडकित्ता पाहिलेल्या मुलाला हे लगेच कळतं. पुढे एवढंच:

ड्रोसेलमायर नावाचा जादूगार कारागीर आहे. त्याने उंदरांसाठी सापळा केला, त्यात खूप उंदीर मेले. म्हणून उंदरांच्या राणीने त्याच्या पुतण्याला, हान्स-पीटरला, कुरूप लाकडी बाहुला करून टाकलं. उतारा एकच: बाहुल्याने उंदरांच्या राजाला मारायचं, आणि तो कुरूप असूनही एका मुलीने त्याच्यावर माया करायची. नाताळच्या पार्टीत ड्रोसेलमायर तो बाहुला क्लाराला देतो. तिचा भाऊ फ्रिट्झ तो मोडतो. मध्यरात्री घड्याळाचे ठोके पडतात, झाड वाढत वाढत प्रचंड होतं, उंदीर आणि शिपाई यांची लढाई होते. बाहुला हरायच्या बेतात असताना क्लारा उंदरांच्या राजाला पायातली सपाता मारते. बाहुल्याचा हान्स-पीटर होतो आणि दोघं बर्फातून मिठाईच्या राज्यात जातात.

ही सुरुवातीची शापाची गोष्ट सांगितल्याशिवाय नेऊ नका. पडदा उघडताच ड्रोसेलमायरची कार्यशाळा दिसते. तो उदास का आहे हे न कळलेली मुलं पहिली पाच मिनिटं नुसती बघत राहतात.

*कान.* अख्खं संगीत ऐकवू नका, तीन तुकडे पुरेत. गाडीत शाळेत जाता-येता लावा.

पहिला, पार्टीतला मार्च. पितळी वाद्यं एक ओळ म्हणतात आणि व्हायोलिनं धावत उत्तर देतात, अगदी सवाल-जवाबासारखं. मुलांचे दोन गट करा, एक सवाल, दुसरा जवाब.

दुसरा, साखरपरीचा, म्हणजे मिठाईच्या राज्यातल्या परीचा, नाच. छोट्या घंटांसारखा जो आवाज येतो तो चेलेस्टाचा. दिसायला पेटी-पियानोसारखं वाद्य, आत तारांऐवजी पोलादी पट्ट्या. हे वाद्य तेव्हा अगदी नवं होतं आणि चायकोव्हस्कीने ते पॅरिसमध्ये ऐकून मुद्दाम या नाचासाठी वापरलं. हा आवाज ओळखता आला की मूल प्रयोगभर त्याची वाट बघतं.

तिसरा मला सगळ्यात आवडतो. शेवटच्या युगुलनृत्याची मुख्य ओळ म्हणजे साधा अवरोह आहे: सा नि ध प म ग रे सा, सगळे शुद्ध स्वर. पेटी किंवा गाणं शिकणाऱ्या मुलाला ती वाजवायला सांगा. मग तीच ओळ अख्ख्या वाद्यवृंदाकडून ऐकवा. माझ्या भाचीने पेटीवर हा अवरोह वाजवून ती सुरावट ऐकली, तेव्हा "एवढंच आहे?" म्हणून ती डोळे मोठे करून बघत राहिली. तो सोपा उतार इतका भरून कसा येतो, हे पुढे वर्षभर तिच्या बोलण्यात होतं.

*हात.* बॅलेत काही गोष्टी खुणांनी सांगतात. दुसऱ्या अंकाच्या सुरुवातीला हान्स-पीटर साखरपरीला लढाईची अख्खी हकिकत नुसत्या हातांनी सांगतो. घरी मुलांना एक प्रसंग न बोलता सांगायला लावा: "आज डबा सांडला आणि बाईंनी मदत केली." दोन-तीनदा खेळलं की पडद्यावरची हकिकत ती स्वतः वाचतात.

*तपासा:* मुलाला विचारा, "क्लाराने राजाला काय फेकून मारलं?" आणि "झाड का वाढलं असेल?" पहिल्याचं उत्तर एकच आहे. दुसऱ्याला कुठलंही चालेल, मूल विचार करतंय एवढंच बघायचं.

टप्पा 5: निघण्याचा दिवस

पोटभर जेवूनच निघा. भुकेलं मूल मिठाईच्या राज्यात फार वेळ बसत नाही. कुरकुरीत पाकिटातलं काही बरोबर नको. नाचाच्या हळू जागी अख्ख्या सभागृहाला ते ऐकू जातं. वेष्टन काढून छोट्या डब्यात ठेवलेले लाडू किंवा शंकरपाळे मध्यंतरासाठी ठीक, पण बाहेरचं खाणं आत चालतं का, हे सिनेमागृहाच्या नियमांत बघून घ्या.

कपडे छान घाला, मुलांना सणाचा दिवस वाटला पाहिजे. पण टोचणारी जर किंवा करकचून नाडी नको, अडीच तास बसायचं आहे.

अर्धा तास आधी पोचा. तिकीट, गादी, स्वच्छतागृह, खुर्ची, या क्रमाने. स्वच्छतागृह आधी आणि गादी नंतर केली की गादी शोधता शोधता दिवे जातात. फोन बंद करून पिशवीत. फोटोही नको, अंधारात पडद्याचा उजेड मागच्या रांगेला फार लागतो.

टप्पा 6: पहिला अंक, सुमारे पाऊण तास

सुरुवातीचं वाद्यसंगीत हलकं, नाजूक आहे. त्यात चेलो आणि मोठे बास मुद्दाम वगळले आहेत, जणू खेळण्यांचा वाद्यवृंद. मुलांच्या कानात सांगा, "जड वाद्यं अजून झोपली आहेत." मग लक्ष संगीताकडे राहतं.

पार्टीचा भाग लांब वाटू शकतो. खरा नाच कमी आणि माणसांची लगबग जास्त. अशा वेळी मुलाला एकच काम द्या: फ्रिट्झवर नजर ठेवायची. तो कोपऱ्यात सतत काहीतरी खोड्या काढत असतो.

मग घड्याळ. इथे अंधार होतो, धूर येतो, मोठाले उंदीर धावतात, तोफ वाजते. चार-पाच वर्षांची मुलं घाबरतात ती इथेच. "घाबरू नकोस" म्हणण्यापेक्षा पुढे काय आहे ते सांगा: "आता सपाता येणार." माहीत असलेल्या गोष्टीची भीती कमी वाटते. तरी रडू आलंच तर बाहेर न्या, पण दोन-तीन मिनिटांत परत या, कारण लढाई लहान आहे आणि तिच्यानंतर लगेच बर्फ पडतो.

हिमकणांच्या नाचात लहान मुलांचे आवाज ऐकू येतात, शब्द नसलेले. तिथे काही बोलू नका, समजावू नका.

*सावध:* थेट प्रयोगात क्वचित चित्र अडकतं किंवा आवाज जातो. जागेवरच थांबा आणि एकाच मोठ्या माणसाने बाहेर जाऊन सांगावं. मुलांना घेऊन सगळे उठलात तर परत येईपर्यंत नाच पुढे गेलेला असतो.

टप्पा 7: मध्यंतर

वीसेक मिनिटं असतात. आधी स्वच्छतागृह, मग खाणं. उलटं केलं की रांगेतच वेळ जातो. पडद्यावर तेव्हा कलाकारांच्या मुलाखती किंवा तालमीची दृश्यं दाखवतात. दहा वर्षांपुढच्या मुलांनी ती जरूर बघावी, लहानांना पाय मोकळे करू द्या.

आणि हे सांगायचंच: "गोष्ट झाली. आता क्लाराचा पाहुणचार आहे. एकेक पदार्थ येणार आणि नाचून जाणार. तू बोटं मोजायचीस." ही चार वाक्यं न सांगता आत गेलेलं मूल दुसऱ्या अंकात कंटाळतं. सांगितली तर बहुतेक वेळा निभतं.

टप्पा 8: दुसरा अंक, बोटं मोजत

हान्स-पीटरची हातांची हकिकत झाली की पंगत सुरू. पहिलं बोट चॉकलेट, म्हणजे स्पॅनिश नाच, मिनिटभराचा. दुसरं कॉफी, अरबी नाच. हा सगळ्यात संथ आणि साडेतीन मिनिटांच्या आसपास चालतो. चुळबुळ सुरू होते ती इथे. आधीच सांगून ठेवा की दुसरं बोट हळू आहे, तिसरं झटकन जातं. तिसरं चहा, चिनी नाच. चौथं रशियन त्रेपाक, मिनिटभरात उड्या मारून संपतो आणि टाळ्या घेतो. पाचवं बासऱ्यांचा नाच, मिर्लिटॉन. या प्रयोगात क्लारा स्वतःही नाचांत सामील होते, तिला शोधायला सांगा.

हे नाच एकोणिसाव्या शतकातल्या युरोपने दूरच्या देशांची केलेली कल्पना आहे. मोठं मूल विचारेल, "चिनी लोक खरंच असे नाचतात का?" सरळ नाही म्हणा. अलीकडे अनेक बॅले कंपन्यांनी याच कारणाने हे नाच बदलले आहेत, हेही सांगा.

मग फुलांचा वॉल्ट्झ, म्हणजे तीन-तीन मात्रांवर फिरणारा नाच. वीणेसारख्या हार्पच्या लांब सुरावटीने सुरू होतो, सहा-सात मिनिटं चालतो आणि शेवट इतका भरघोस होतो की सगळं संपलं असं वाटतं.

*सावध, आणि ही सगळ्यात मोठी चूक:* इथे उठू नका. आमच्याबरोबरचं एक कुटुंब पार्किंगची गर्दी टाळायला इथेच निघालं. त्यांची मुलगी आठ दिवस चेलेस्टा ऐकत होती आणि चेलेस्टाचा नाच अजून यायचा होता. गाडीत बसल्यावर तिने विचारलं, "साखरपरी कधी येणार होती?" तिच्या आईने मला हे सांगितलं तेव्हा तिचा आवाज बसला होता.

वॉल्ट्झनंतरचा क्रम असा: साखरपरी आणि तिचा राजपुत्र यांचं युगुलनृत्य (तोच अवरोह), मग त्याचा एकट्याचा छोटा नाच, मग साखरपरीचा चेलेस्टावरचा नाच, मग दोघं पुन्हा एकत्र. त्यानंतर सगळ्यांचा शेवटचा वॉल्ट्झ.

त्यानंतरही दोन-तीन मिनिटं थांबा. क्लारा परत येते, रस्त्यावर एक तरुण तिला भेटतो आणि कुठेतरी पाहिल्यासारखा वाटतो. मग कार्यशाळेत ड्रोसेलमायर एकटाच असतो आणि दार उघडतं. आठ दिवसांपूर्वी झोपताना सांगितलेला शाप इथे सुटतो. त्या वेळी पडद्याऐवजी शेजारच्या मुलाकडे एकदा बघा.

टप्पा 9: टाळ्या आणि घरी

सिनेमागृहात टाळ्या वाजवायच्या का, असं बरेच जण विचारतात. मुलांना वाजवू द्या. कलाकारांना ऐकू जात नाहीत हे त्यांना कळतं, तरी वाजवावंसं वाटतं. शेवटी कलाकार रांगेने येऊन वाकतात तेव्हा उंदरांचा राजाही येतो. घाबरलेल्या मुलाला तो मुखवट्यामागचा माणूस आवर्जून दाखवा.

परतताना गाडीत प्रश्नोत्तरं नकोत. काय आवडलं, काय शिकलास, काही विचारू नका. तो मार्च लावा आणि सवालाची बाजू तुम्ही घ्या.